"तुमच्याकडचा मोबाईल चोरीचा आहे": पोलिसांच्या नावाने आलेल्या एका मेसेजचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण भांडुपचं आहे, आमच्याच बिल्डिंगमधलं. नावं देत नाहीये, पोलीस ठाण्याचंही नाही आणि दुकानाचंही नाही, कारण काकूंना तसं वचन दिलंय. बाकी जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते. मी गेली दोन वर्षं आमच्या भागातल्या मोठ्या माणसांना मोबाईल वापरायला शिकवते, युपीआय, बिलं भरणं, फसवणुकीचे मेसेज कसे ओळखायचे वगैरे, त्यामुळे असं काही आलं की लोक पहिले माझ्याकडे येतात.

काकू साधारण अठ्ठावन्नच्या. घरूनच पोळीभाजीचे डबे देतात आणि गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. त्यांचा सगळा धंदा व्हॉट्सॲपवर. कोणाला किती मोदक, कधी पोचवायचे, कोणी ॲडव्हान्स दिला, सगळं चॅटमध्ये. मे महिन्यात त्यांचा जुना फोन पाण्यात पडला म्हणून त्यांनी स्टेशनबाहेरच्या एका दुकानातून सेकंडहँड फोन घेतला, साडेआठ हजाराला. पाच हजार रोख दिले, साडेतीन हजार युपीआयने. बिल म्हणून दुकानदाराने त्याच्या कार्डाच्या मागे "मोबाईल ८५००, वॉरंटी १ महिना" एवढंच पेनाने लिहून दिलं. त्यावर आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) नाही, मॉडेल नाही, तारीखसुद्धा नाही.

जुलैच्या मध्यात फोनचं नेटवर्क गेलं. वायफाय चालू, व्हॉट्सॲप चालू, पण फोन लागेना आणि एसएमएस येईना. काकूंना वाटलं सिम खराब झालं. त्या सिमकंपनीच्या गॅलरीत गेल्या, तिथल्या मुलाने सिम बदलून दिलं, स्वतःच्या फोनमध्ये घालून दाखवलं तर रेंज एकदम फुल्ल, काकूंच्या फोनमध्ये घातलं की गायब. तो म्हणाला फोन रिपेअरला द्या. काकूंनी मग सिम एका जुन्या बटणवाल्या फोनमध्ये घातलं आणि स्मार्टफोन घरच्या वायफायवर फक्त व्हॉट्सॲपसाठी ठेवला. हे नेटवर्क जाणं फार महत्त्वाचं होतं पण तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, आणि मला तर त्यांनी तेव्हाच येऊन सांगितलं होतं.

मेसेज काय आला

गणपती तीन आठवड्यांवर आले होते. शनिवारी दुपारी काकूंना एका अनोळखी मोबाईल नंबरवरून व्हॉट्सॲप आला. डीपीला पोलिसांचं चिन्ह. मजकूर साधारण असा: आपण वापरत असलेला मोबाईल अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत गहाळ झाल्याची तक्रार आहे, सदर मोबाईल दोन दिवसांत पोलीस ठाण्यात किंवा आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा किंवा कुरिअर करा अन्यथा कायदेशीर कारवाई होईल, आपल्या आधार कार्डचा फोटो पाठवा. खाली फोनचं मॉडेल, आयएमईआयचे शेवटचे चार आकडे, एका अंमलदाराचं नाव आणि बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा स्वतःचा क्रमांक. ते ठाणं मध्य मुंबईतलं, भांडुपपासून लांब.

काकू डब्याच्या पोळ्या लाटत होत्या, पिठाच्या हाताने फोन घेऊन तशाच माझ्या दारात आल्या. स्क्रीनवर पिठाची बोटं उमटलेली. म्हणाल्या, "अगं बघ ना, मी काय चोर आहे का?"

आणि मी मेसेज अर्धवट वाचून म्हंटलं, फेक आहे काकू, ब्लॉक करा. कुरिअर हा शब्द दिसला आणि माझं ठरून गेलं. पोलीस कधी कोणाला मोबाईल कुरिअर करायला सांगतात का? काकूंनी तिथेच ब्लॉक केला. आज विचार केला तर या सगळ्यातली सगळ्यात मोठी चूक ती होती, ती माझी होती आणि तिने आमचे दोन दिवस खाल्ले.

प्रत्येकजण वेगळं का सांगत होता

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये ही गोष्ट पसरली आणि चार जणांची चार मतं झाली. प्रत्येकाच्या मागे काहीतरी कारण होतं म्हणून ती सांगते.

शेजारच्या विंगमधल्या एका निवृत्त सरांना मागच्या वर्षी डिजिटल अरेस्टचा फोन आला होता, म्हणजे पोलीस असल्याचं सांगून फोनवरच "अटक" करायची आणि पैसे उकळायचे ती फसवणूक, दीड दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं त्यांना, मुलगी वेळेवर घरी आली म्हणून पैसे वाचले. ते म्हणाले पोलिसांच्या नावाने येतं ते सगळं खोटं. त्यांचा अनुभवच तसा, मी त्यांना काय बोलणार. २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये पंतप्रधानांनीही सांगितलं होतं की डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाही, थांबा, विचार करा, मग पाऊल उचला, आणि ते सरांना पाठ होतं.

काकूंचा भाचा लॉ करतोय. त्याने सांगितलं की सुप्रीम कोर्टाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय की हजर राहण्याची नोटीस, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली कलम ४१-अ ची आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावायची नाही. म्हणून हा मेसेज खोटा. ऐकायला एकदम पक्कं वाटतं, पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि ती मला नंतर समजली. कोर्टाचं म्हणणं नोटीस कशी बजावायची याबद्दल आहे. व्हॉट्सॲपवर बजावलेली नोटीस धरायची नाही याचा अर्थ व्हॉट्सॲपवर मेसेज करणारा माणूस पोलीस नाही असा होत नाही. एखादा अंमलदार आधी फोन करतो, फोन लागत नाही म्हणून मेसेज टाकतो, ती काही नोटीस नसते, नुसता निरोप असतो. निरोप खरा असू शकतो आणि तरी त्यातली "अन्यथा कारवाई" ही धमकी कायद्याच्या दृष्टीने पोकळ असू शकते.

सून म्हणाली, कशाला भानगड, फोन फेकून द्या आणि नवा घ्या. आणि तळमजल्यावरचे एक काका म्हणाले माझी ओळख आहे, काहीतरी देऊन मिटवून टाकू. हे शेवटचं ऐकून मी घाबरले. कोणी पैसे मागितलेलेच नव्हते आणि आपणच द्यायला निघालो होतो.

समोर कोणते पर्याय होते

शनिवारी रात्री काकूंच्या ओट्यापाशी बसून आम्ही पुन्हा पहिल्यापासून विचार केला. मी मेसेज आता नीट, पूर्ण वाचला.

पहिला पर्याय, ब्लॉक तसाच ठेवायचा आणि विसरून जायचं. खोटा असेल तर काहीच बिघडत नाही. खरा असेल तर मात्र काकू चोरीचा फोन वापरतायत हे कळूनही त्या तो वापरत राहिल्या असं होईल. भाच्याने सांगितलं की भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीच्या मालाबद्दल आहे आणि त्यात कळीचा मुद्दा हाच की माल चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतला किंवा ठेवला का. मे महिन्यात काकूंना माहीत नव्हतं. शनिवारच्या दुपारनंतर "मला माहीतच नव्हतं" हे म्हणणं तितकं सोपं राहिलं नव्हतं. फोन फेकून द्यायचा पर्याय तर याहून वाईट, तो म्हणजे पुरावाच नाहीसा करणं झालं असतं.

दुसरा, त्याच नंबरवर उलट फोन करून विचारायचं. बहुतेक लोक हेच करतात. पण तो माणूस खोटा असेल तर तो "हो मी पोलीसच" असंच सांगणार. ट्रूकॉलरवर नाव काय येतं तेही रविवारी नंबर सापडल्यावर बघितलं, "पोलीस" असं येत होतं, पण तिथलं नाव लोकांनी सेव्ह केलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. डीपीचं तर बोलायलाच नको.

तिसरा, मेसेजमध्ये जे म्हंटलंय ते स्वतः तपासायचं, म्हणजे फोन खरंच ब्लॉक आहे का.

चौथा, मेसेजमधला एकही नंबर न वापरता आपल्या वाटेने त्या पोलीस ठाण्यापर्यंत पोचायचं.

मेसेजमध्ये नसलेल्या गोष्टींचाही विचार केला. पैसे मागितले नव्हते. लिंक नव्हती. "हे ॲप डाऊनलोड करा" म्हणून फाईल नव्हती, जशी ट्रॅफिक चलनाच्या नावाने हल्ली येते. ओटीपी नाही, व्हिडिओ कॉल नाही, "कोणाला सांगू नका" नाही. यातलं एक जरी असतं तर मी पुढे काही तपासायच्या भानगडीत पडले नसते, सरळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला कळवलं असतं. पण ते नाही म्हणून मेसेज खरा असंही होत नाही. आधारचा फोटो मागितला होता आणि तेवढ्यावरही कोणी गंडवू शकतं.

काय केलं

आधी फोन तपासला. काकूंच्या फोनवर *#०६# दाबलं, दोन आयएमईआय आले, दोन सिमचे दोन, प्रत्येकी १५ आकड्यांचे. मेसेजमधले चार आकडे पहिल्याच्या शेवटाशी जुळले. सून लगेच म्हणाली बघा खरंय, पण मी थांबवलं, कारण आपली माहिती कुठून कुठे फुटलेली असते सांगता येत नाही. निवृत्त सरांना फोन करणाऱ्यांकडे तर त्यांचा पूर्ण आधार नंबर होता. समोरच्याला आपल्याबद्दल काहीतरी माहिती आहे यावरून तो कोण हे ठरत नाही.

मग माझ्या फोनवरून एसएमएस केला. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, आणि पाठवायचा १४४२२ या फोन तपासायच्या सरकारी नंबरला. उत्तर आलं त्यात फोनची कंपनी, मॉडेल आणि स्टेटस ब्लॅकलिस्टेड.

तेव्हा ते नेटवर्क जाण्याचं कोडं सुटलं. फोन हरवला किंवा चोरीला गेला की मालक आधी पोलिसांत तक्रार देतो आणि मग सीईआयआर या सरकारी यंत्रणेत आयएमईआय ब्लॉक करायला टाकतो. ही यंत्रणा पहिल्यांदा सुरू झाली ती आपल्या मुंबईतच, सप्टेंबर २०१९ मध्ये, नंतर दिल्ली आणि मे २०२३ पासून संचार साथी या सरकारी पोर्टलमार्फत सगळ्या देशात. ब्लॉक झाला की तो फोन भारतातल्या कुठल्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही, पण कोणी त्यात सिम घालून बघितलं की कुठल्या नंबरचं सिम घातलं त्याची माहिती ज्या ठाण्यात तक्रार आहे तिथे जाते. गॅलरीतल्या मुलाने सिम काढघाल केली, काकूंनी घरी चार वेळा केली, प्रत्येक वेळी काकूंचा नंबर तिकडे गेला असणार. वायफायला नेटवर्कच्या आयएमईआयशी देणंघेणं नाही म्हणून व्हॉट्सॲप चालू राहिलं.

इथे आम्ही पहिल्यांदा खरंच अडखळलो. फोन ब्लॉक आहे म्हणजे कोणाचातरी हरवलाय हे आता जवळजवळ नक्की. म्हणजे मेसेजमधली गोष्ट खरी. पण मेसेज पाठवणारा पोलीसच आहे हे त्याने सिद्ध होतं का? भाचा म्हणाला झालं की आता, पाठवून टाका आधारचा फोटो, उद्या देऊन येऊ. मला ते पटेना. उद्या तो म्हणाला अमुक चौकात भेटा, फोन घेऊन या, तर? किंवा कुरिअरचा पत्ता पाठवला आणि तो पत्ता कुठल्यातरी गाळ्याचा निघाला तर? फोन गेला, पोलिसांकडे पोचलाच नाही, आणि रेकॉर्डवर शेवटचा नंबर काकूंचाच राहिला. म्हणून ठरवलं की ठाण्यातल्या माणसाने तोंडाने सांगितल्याशिवाय ना आधार ना फोन.

ठाण्याचा लँडलाईन मुंबई पोलिसांच्या सरकारी वेबसाईटवरून घेतला, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. नकाशावर किंवा नुसतं सर्च करून येणारे नंबर मी घेत नाही, तिथे कोणीही काहीही टाकून ठेवतं, बँकांच्या कस्टमर केअरच्या नावाने लोक असेच फसलेत. शनिवारी रात्री साडेनऊला तीनदा लावला तेव्हा ठाणे अंमलदारांनी उचलला. मी नाव सांगून विचारलं, या नावाचे अंमलदार तुमच्याकडे आहेत का?

ते म्हणाले, "आहेत ना ताई, पण मेसेज त्यांनीच केला का ते मी कसं सांगू? सोमवारी येतील ते, तेव्हा विचारा."

तेव्हा मला हे उत्तर टोलवाटोलवीचं वाटलं, चिडलेही. नंतर कळलं की ते अगदी बरोबर बोलले होते. फसवणारे खऱ्या अधिकाऱ्यांची नावं वापरतात, ती कुठूनही मिळतात. नाव खरं आहे एवढ्याने नंबर त्याचाच आहे हे कळत नाही. मी तोच मोबाईल नंबर वाचून दाखवून हा तुमच्या अंमलदाराचाच आहे का असं विचारायला हवं होतं आणि ते माझ्याकडून राहिलं, कारण काकूंनी नंबर ब्लॉक करताना चॅटही डिलीट केलेला होता. स्क्रीनशॉट होता तो फक्त मजकुराचा, सून चपळ म्हणून निघाला होता, त्यात वरचा नंबर अर्धा कापला गेलेला. ब्लॉकच्या यादीतून नंबर रविवारी सकाळी शोधून काढला.

रविवारचा दिवस काकूंसाठी फार वाईट गेला. त्यांनी डबे केले पण बोलल्या नाहीत कोणाशी. दारावर कोणी बेल मारली की दचकायच्या. मला दोनदा विचारलं, घरी येतील का गं पोलीस, बिल्डिंगमध्ये काय म्हणतील. भाच्याने समजावलं की साक्षीदार म्हणून चौकशीला बोलवायचं झालं तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे कुठल्याही महिलेला आणि साठीच्या पुढच्या पुरुषांना राहत्या जागेशिवाय दुसरीकडे यायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, स्वतःच्या मर्जीने गेलात तर गोष्ट वेगळी. काकूंना त्याने धीर आला नाही. त्यांना पोलीस घरी येण्याचीच भीती होती, त्यामुळे आपण जाऊन यावं हेच त्यांना बरं वाटत होतं. कायदा सोय म्हणून जे देतो ते समोरच्या माणसाला सोय वाटेलच असं नाही, हे मला त्या दिवशी दिसलं.

सोमवारी अकराला पुन्हा लँडलाईन. यावेळी ते अंमलदार स्वतः लाईनवर आले. मी आधी काही सांगितलं नाही, फक्त म्हंटलं शनिवारी एका मोबाईलबद्दल तुम्ही भांडुपला मेसेज केला होता का, केला असेल तर कुठलं मॉडेल आणि आयएमईआयचे शेवटचे चार आकडे तुम्ही सांगा. त्यांनी रजिस्टर उघडल्याचा आवाज आला, मग मॉडेल सांगितलं, चार आकडे सांगितले, काकूंच्या नंबरचे शेवटचे आकडेही सांगितले. मग मी त्यांना त्यांचा मोबाईल नंबर विचारला, तोही जुळला. आपण सगळं वाचून दाखवलं असतं तर समोरच्याला नुसतं हो म्हणायचं असतं, त्यांच्याकडून वदवून घेतलं म्हणून खात्री झाली.

मेसेज खरा होता.

मी विचारलं साहेब कुरिअर का लिहिता तुम्ही, लोकांना खोटं वाटतं. ते म्हणाले फोन विकत विकत कुठल्या कुठे जातात, सोलापूर, उत्तर प्रदेश, बिहार, प्रत्येकाला मुंबईत कसं बोलवणार, एकच मेसेज सगळ्यांना जातो. आणि हेही म्हणाले की काकूंना आधी फोनच केला होता, लागला नाही. बटणवाला फोन काकू दुपारी बंद करून ठेवत, बॅटरी टिकत नाही म्हणून. इतकं साधं कारण होतं.

परिणाम

मंगळवारी काकू, भाचा आणि मी स्लो लोकलने गेलो. त्याआधी सोमवारी रात्री काकूंच्या चॅटचा बॅकअप घेतला आणि मोदकांच्या ऑर्डरी मी चक्क वहीत उतरवून घेतल्या, एकूण सदतीस. फोन फॉरमॅट करायचा का ते अंमलदारांना आधीच विचारलं होतं, त्यांनी सांगितलं घरून करू नका, इथे येऊन आमच्यासमोर करा. युपीआय आणि गूगल खातं तिथेच बाकड्यावर बसून काढलं.

काकूंचा जबाब घेतला, फोन कधी, कुठून, केवढ्याला घेतला. कार्डाच्या मागचं ते पेनाने लिहिलेलं बिल जवळजवळ निरुपयोगी ठरलं. कामाला आलं ते युपीआयने दिलेल्या साडेतीन हजारांचं रेकॉर्ड, कारण त्यात तारीख होती, वेळ होती, दुकानदाराचं नाव होतं. आधारची झेरॉक्स दिली, तिच्यावर आडवं "फक्त मोबाईल जमा करण्यासाठी" लिहून तारीख टाकली, अंमलदारांनी काही हरकत घेतली नाही. फोन जमा केल्याची पोच आम्ही मागितली, ती मिळायला पाऊण तास लागला पण शिक्क्यासकट मिळाली. पैसे कोणी मागितले नाहीत, एक रुपयासुद्धा नाही. काकूंवर गुन्हा वगैरे काही नाही. फोन एका मुलीचा होता, लोकलच्या गर्दीत गेलेला, एवढंच त्यांनी सांगितलं.

निघताना अंमलदार काकूंना म्हणाले, मावशी तुम्ही आलात हे बरं केलंत, निम्मे लोक ब्लॉक करतात. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत, मला मात्र वाईट वाटलं.

पैशाचं म्हणाल तर दुकानदार आधी ओळखच दाखवेना. पोच दाखवल्यावर आणि जबाबात तुमचं नाव आहे हे सांगितल्यावर दोन फेऱ्यांनी चार हजार परत दिले. साडेचार हजार गेले ते गेलेच. ग्राहक म्हणून तक्रार करायची का यावर भाचा अजून काकूंच्या मागे आहे, त्या नको म्हणतात.

आता मागे वळून बघताना

निर्णयाच्या जागा माझ्या मते तीन होत्या.

एक दुकानात, मे महिन्यात. तिथे उभं राहून *#०६# आणि १४४२२ चा एसएमएस केला असता तर? प्रामाणिकपणे सांगायचं तर तेव्हा कदाचित तो ब्लॅकलिस्टेड दिसला नसता, कारण नेटवर्क जुलैत गेलं म्हणजे मालकिणीने ब्लॉक बहुधा उशिरा टाकला. म्हणून ही तपासणी करायचीच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही, बिलावर आयएमईआय लिहून घ्यायचा आणि निदान थोडे पैसे तरी युपीआयने द्यायचे. रोखीने पूर्ण दिले असते तर काकूंकडे दाखवायला काहीच उरलं नसतं.

दुसरी जागा जुलैची, नेटवर्क गेलं तेव्हाची. सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतं, या फोनमध्ये कुठलंच सिम चालत नाही आणि वायफाय मात्र ठणठणीत, सेकंडहँड फोनचं असं झालं की आता मी पहिल्यांदा ब्लॉक तपासते, रिपेअरवाल्याकडे नंतर. तेव्हाच तपासलं असतं तर आम्ही स्वतःहून ठाण्यात गेलो असतो आणि तो मेसेज यायची वेळच आली नसती.

तिसरी जागा माझ्या दारातली. मी मेसेज पूर्ण वाचला नाही. मी इतके दिवस लोकांना "पोलिसांचा मेसेज म्हणजे फेक" हेच शिकवत होते, कारण ते सोपं असतं आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतं. आता शिकवताना वेगळं सांगते: पैसे, लिंक, ओटीपी, व्हिडिओ कॉल, गुप्तता यातलं काही आलं तर पुढे वाचू नका, तोडा आणि १९३० ला कळवा. यातलं काही नसेल तर उत्तर देऊ नका, पण ब्लॉकही करू नका, डिलीट तर अजिबात नको, नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि वेबसाईटवरच्या लँडलाईनने त्या ठाण्यात विचारा. ठाणं बाहेरगावचं असेल आणि फोन लागत नसेल तर आपल्या जवळच्या ठाण्यात मेसेज दाखवा, त्यांना तिकडे विचारता येतं. आम्हीही खरं तर रविवारी भांडुपच्या ठाण्यात जाऊ शकलो असतो, काकूंचा एक दिवस वाचला असता. ठाणं रविवारी बंद नसतं, आमच्या डोक्यात मात्र ऑफिससारखा सोमवार बसलेला.

पोलिसांबद्दलही एक म्हणणं आहे आणि ते मी त्या अंमलदारांना तोंडावर सांगितलं. खऱ्या मेसेजची भाषा आणि खोट्याची भाषा इतकी सारखी असेल तर लोक काय करणार? दोन दिवसांत, अन्यथा कारवाई, आधारचा फोटो पाठवा, हे तिन्ही शब्द फसवणारेही वापरतात. आधार व्हॉट्सॲपवर मागायची काही गरज नाही, माणूस ठाण्यात आल्यावर बघता येतं. मेसेजमध्ये तक्रारीचा नंबर आणि ठाण्याचा लँडलाईन द्या, वेबसाईटवर जाऊन पडताळा असं लिहा, पैसे लागत नाहीत हे लिहा. ते म्हणाले वरून मजकूर ठरलेला नाही, आम्हीच बनवलाय, बदलू.

गणपतीच्या आधी काकूंनी नवा फोन घेतला, हप्त्यावर, पक्क्या बिलाचा. सदतीसपैकी पस्तीस ऑर्डरी वेळेवर गेल्या, दोघींचे पत्ते मी वहीत चुकीचे उतरवले होते. विसर्जनानंतर एक दिवस त्या अंमलदारांनी मला त्यांचा नवा मेसेज पाठवून दाखवला. आधारची ओळ गेलीय, लँडलाईन आलाय, पैसे लागत नाहीत हेही आलंय. "अन्यथा कायदेशीर कारवाई" मात्र अजून तसंच आहे, त्याबद्दल मी त्यांना परत लिहिलंय.